घरच्यांना पसंत नाही

५ फेब्रुवारी

बाबा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. तीन वर्षांत तुम्ही माझा एकही फोन उचललेला नाही, म्हणून हे पत्र. पत्र निदान पोस्टमन हातात देतो.

सरळ विचारते. तुम्ही दात काढलेत का?

काल आमच्या लॅबमध्ये एक डबा आला. आत प्लास्टरचे साचे, दात काढण्याआधीचे आणि काढल्यानंतरचे. आमच्याकडे कधी कोणाचं नाव येत नाही. चिठ्ठीवर फक्त नंबर असतो, आणि खाली: पुरुष, वय अडुसष्ट, पूर्ण कवळी. मी आधीचा साचा हातात घेतला आणि होते तिथेच स्टुलावर बसले. खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर पाय टाकून बसलेले. वरच्या उजव्या सुळ्याचं टोक उडालेलं. ते टोक कसं उडालं हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी समोर उभी होते. दहावीच्या भूमितीच्या पेपरला निघताना माझी कंपासपेटी उघडेना, तर तुम्ही ती दातांनी उघडलीत. पेटी उघडली, टोक उडालं आणि तुम्ही म्हणालात, "जा, पेपर लिही. दाताचं काय एवढं!"

आता मला सांगा, तुमच्या गावात डेंटिस्ट संपले का? एक गल्लीच्या तोंडाशी आहे, एक बँकेच्या वर. ते दोघं सोडून तुम्ही बसमध्ये चार तास हाडं खिळखिळी करून माझ्याच शहरात येता, आणि त्यातही नेमक्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे जाता ज्यांचं सगळं काम आमच्या लॅबकडे येतं. योगायोग म्हणू नका. योगायोग म्हणण्याआधी शक्यता मोजावी, हे तुम्हीच शिकवलंत. मी मोजली. पटण्यासारखी नाही.

आईला फोन केला. म्हणाली, "छे गं, ह्यांचे दात? ठणठणीत आहेत! परवा अख्खी काकडी कचाकच खाल्ली. मीठ लावून. उभी चिरून." आईला खोटं बोलता येत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. खोटं बोलायला लागली की ती नको तेवढा तपशील देते. काकडी उभी चिरली की आडवी, मी विचारलं होतं का? तुम्ही शेजारी बसून तिला पढवत होतात.

मी गणितातली पीएच.डी. अर्धी सोडून इथे आले तेव्हा तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "एवढं शिकून शेवटी लोकांच्या कवळ्या घासणार?" त्यानंतर तुमचा शब्द नाही. आणि आता तुमचीच कवळी माझ्या टेबलावर. काय चाललंय तुमचं?

उत्तर द्या. नाहीतर देऊ नका, मी कवळी तशीही करणारच आहे.

२० फेब्रुवारी

बाबा,

उत्तर नाही आलं. ते येणार नव्हतंच. मात्र तुमचे दात परत आले.

तुम्हाला आमची पद्धत माहीत नसेल म्हणून सांगते. आम्ही आधी दात मेणावर बसवतो आणि ते दवाखान्यात पाठवतो. तिथे ते माणसाच्या तोंडात घालून बघतात. पसंत पडले तर आम्ही मेण काढून पक्की कवळी करतो. नाही पडले तर सगळं चिठ्ठीसकट परत येतं. तुमच्या चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय: "घरच्यांना पसंत नाही. यांच्यासारखे दिसत नाहीत."

घरच्यांना! घरच्यांना म्हणजे कोणाला? आपल्या घरात पसंती-नापसंती सांगायचा हक्क कधीपासून दुसऱ्या कोणाला मिळाला? पडद्यांचा रंगसुद्धा तुम्ही ठरवलात आणि आई मान डोलवत राहिली. तेव्हा आईच्या आड लपू नका. नापसंत तुम्हाला आहेत.

आणि दात चांगले होते हो! एका ओळीत, एका उंचीचे, अगदी शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आमचे फोरमन कधी कोणाला चांगलं म्हणत नाहीत, तेसुद्धा म्हणाले, "ठीक आहे."

फोरमनबद्दलही सांगून ठेवते. इथे पहिले वर्षभर मी प्लास्टरच्या खोलीत होते. साचे ओतायचे, कडा घासायच्या, केसांत पांढरी पूड घेऊन घरी जायचं. घरमालकीण म्हणायची, "पिठाच्या गिरणीत आहेस का गं?" मग सुटे दात आले. पूर्ण कवळीच्या टेबलावर फोरमननी मला आत्ता जानेवारीत बसवलंय, तेही बघू म्हणून. तुमचा जबडा हे या टेबलावरचं माझं तिसरंच काम.

आता नियम ऐका. एखादं काम तीनदा परत आलं की बनवणाऱ्याला स्वतः दवाखान्यात जावं लागतं, त्या माणसासमोर उभं राहून दुरुस्ती करावी लागते. एरवी आम्ही कोणाचं तोंड बघत नाही. आणि तिथेही जमलं नाही, तर टेबल गेलं. परत प्लास्टर. हा नियम मी मागे आईला फोनवर हसतहसत सांगितला होता. तिने तुम्हाला सांगितला असणारच, कारण तिच्या पोटात काही राहत नाही.

म्हणजे हा तुमचा डाव आहे, बाबा. मला कळला. तीनदा परत पाठवायचं, मला तिथे बोलावून डॉक्टरीणबाईंसमोर नापास करायचं, आणि मग म्हणायचं, "बघ, हेही जमलं नाही. आता तरी परत ये."

दुसराही एक नियम आहे. घरच्यांचं काम स्वतः करायचं नाही. फोरमन म्हणतात, घरच्या माणसाचे दात बसवताना आपण साच्याकडे बघतच नाही, आठवणीकडे बघतो आणि हात चुकतो. त्यांनी स्वतः एकदा सासूबाईंची कवळी केली होती. सासूबाई पुढे महिनाभर बोलू शकल्या नाहीत. (हे ते हसून सांगतात. सासूबाई हसत नसाव्यात.) मी फोरमनना सांगितलेलं नाही की हा तुमचा जबडा आहे. सांगितलं तर काम दुसऱ्याकडे जाईल.

तुमचा जबडा दुसऱ्याकडे जाऊ द्यायचा नाही. का ते विचारू नका.

९ मार्च

बाबा,

दुसऱ्यांदा परत. वा!

या वेळची तक्रार: "बोलताना शीळ वाजते."

तुम्हाला आवडो न आवडो, मी या वेळी काय केलं ते सांगते. मी सगळे सरळ दात काढून टाकले आणि खालचे पुढचे दोन तुमचे होते तसे बसवले, एकावर एक. फोरमननी बघितलं आणि त्यांचा चहा कपातच राहिला. म्हणाले, "बाई, लोक आयुष्यभर वाकडे दात घेऊन फिरतात आणि कवळीत तरी सरळ मिळावेत म्हणून येतात. तू उलटं कुठे निघालीस?" मी म्हटलं, चिठ्ठीत लिहिलंय ना, यांच्यासारखे दिसत नाहीत. मग आता दिसू देत. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांनाही काहीतरी वास लागलाय. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणाऱ्या काकूसुद्धा हल्ली मी तुमचा साचा काढला की मशीन बंद करून बघत बसतात. या लॅबमध्ये प्रत्येक जण प्रत्येकावर डोळा ठेवून आहे असं मला वाटायला लागलंय, आणि हे सगळं तुमच्यामुळे.

शीळ वाजते हे ऐकून आधी म्हटलं, झालं, हा माणूस मुद्दाम शीळ घालत असणार. दोन दिवस मी त्याच रागात होते. मग साचा पुन्हा जबड्यासारख्या उघडझाप करणाऱ्या बिजागरीवर चढवला आणि नीट बघितलं. शीळ खरी असणार, बाबा. पुढचे दात मी फार पुढे घेतले होते. साच्यात तुमचं हाड खाली गेलंय, आत गेलंय, आणि मी दात बसवले ते मला कंपासपेटी उघडून देणाऱ्या माणसाच्या तोंडात. फोरमन म्हणतात तेच झालं. साच्याकडे बघितलंच नाही.

तुमचं हाड इतकं कधी झिजलं? मला कोणी काही का कळवत नाही?

आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, तब्येत उत्तम आहे, रोज सकाळी फिरायला जातात, निळा स्वेटर घालून." पुन्हा तपशील. आता मी त्या निळ्या स्वेटरचा विचार करत बसलेय. घरातून बाहेर पडत नाहीयेत का? कोणी बोळकं बघेल म्हणून?

हे पत्र भांडणाचं होतं, मध्येच काहीतरी वेगळं झालं. असू दे.

दात मी आत घेतले आहेत. वाकडे ते वाकडेच ठेवलेत. परत पाठवायचं असेल तर आता कारण जरा विचार करून शोधा.

२७ मार्च

बाबा,

मला वाटलं होतं, शोधाल. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तिसऱ्यांदा चिठ्ठी आलीय आणि तिच्यावर लिहिलंय: "कारण सांगता येत नाही."

कारण सांगता येत नाही! चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! कोणी पायरी गाळली की तुम्ही पेपरावर लाल पेनाने "का?" लिहायचात. माझ्या वाढदिवसाच्या निमंत्रणावरसुद्धा लिहिला होतात. आणि आज माझ्या कामावर तुम्हाला कारण सांगता येत नाही. मला इतका राग आला की मी चिठ्ठी चुरगळून टाकली, मग फोरमनना दाखवायची म्हणून पुन्हा सरळ करावी लागली.

फोरमन फक्त म्हणाले, "सोमवारी अकरा वाजता. हत्यारं घेऊन जा."

तेव्हा तुम्हाला हवं होतं तसं झालं. मी येते आहे. पण त्याआधी एक गोष्ट लिहून ठेवते, समोर मला बोलता येणार नाही.

लोक मला विचारतात, शिक्षण वाया गेलं असं वाटत नाही का? भाजीवालासुद्धा विचारतो. मी काहीतरी थट्टा करून सुटते. तुम्हाला खरं सांगते. तीन वर्षं मी एकाच प्रमेयापाशी बसले होते. ते सुटलं असतं तर जगात चार माणसांना आनंद झाला असता, आणि त्यातले एक तुम्ही. मला होणार नव्हता. मी तुमच्या आनंदासाठी बसले होते, आणि रोज सकाळी उठून मला रडू यायचं. सुट्टीत दोन पैसे मिळावेत म्हणून या लॅबमध्ये कम्प्युटरवर नोंदी करायला आले आणि एका बाईला मेणात दात बसवताना बघितलं. ती दात केसभर तिरका करायची आणि समोर एकदम कोणीतरी माणूस दिसायला लागायचा. मी नोंदी करायच्या विसरले. मला हे काम आवडतं, बाबा. नाइलाज म्हणून नाही, दुसरं जमलं नाही म्हणून नाही. मला आवडतं, आणि मला ते चांगलं येतं.

सोमवारी तुम्ही नकाराची मान हलवलीत की हे टेबल माझ्याकडून जाईल. तेवढं ठाऊक असू द्या आणि मग हलवा.

१ एप्रिल

बाबा,

सोमवारी तुम्ही तिथेच होतात, मग पत्रात पुन्हा काय सांगायचं, असं वाटेल. पण तुमचं तोंड उघडं होतं आणि डोळे छताला लागलेले होते. माझ्या बाजूने काय झालं ते तुम्हाला दिसलेलं नाही.

बाहेरच्या खोलीत आई बसली होती, मांडीवर पर्स. मला बघून तिने भिंतीवरची टूथपेस्टची जाहिरात वाचायला घेतली. मग दचकल्यासारखं करून म्हणाली, "अगं बाई! ठमे, तू इथे कशी?" इतकं वाईट नाटक मी आयुष्यात बघितलं नाही.

मी म्हटलं, "आई."

"ओरडू नकोस, लोक आहेत," ती म्हणाली. "तीनदा परत आलं की तुलाच यावं लागतं, असं तूच म्हणाली होतीस ना? मग काय करणार? तू येत नाहीस, हे बोलावत नाहीत. दोघं एका मापाची. डॉक्टरीणबाईंनाही मी विनवणी केली. म्हटलं, कारण काही लिहू नका, काही लिहिलं तर पोर ते दुरुस्त करून टाकेल आणि यायची नाही."

"आणि शीळ?"

"शीळ खरंच वाजत होती हं," ती म्हणाली. "ते मी नाही."

तुम्ही दोन महिने मऊ करून, कुस्करून खाताय हे मी तिला सुनावलं. तिचे डोळे भरले, पण माघार नाही. मग मला एकदम आठवलं. मी विचारलं, "माझी पत्रं? ती तूच लपवलीस ना?"

"लपवली कशाला? वाचून दाखवते की. चष्मा नाकावर असतो आणि म्हणतात, तू वाच."

म्हणजे 'हा तुमचा डाव आहे, बाबा' हे आईने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं! स्वतःचा डाव, तुमच्या नावावर! मी विचारलं, तेव्हा बाबा काय म्हणाले? ती म्हणाली, "काही नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, पुढचं वाच."

तेव्हा तुम्हाला कळलं होतं, बाबा. फेब्रुवारीतच कळलं होतं. एका शब्दाने तुम्ही हे थांबवू शकला असतात, आणि तुम्ही थांबवलं नाहीत. मी चुकीच्या माणसावर संशय घेत होते असं म्हणायचीही सोय तुम्ही ठेवली नाहीत.

मग मी आत आले. तुम्ही मला बघितलंत आणि तोंडावर हात ठेवलात.

मी कितीतरी भांडणं मनात जुळवून आणली होती, ती सगळी तिथेच संपली. तुमचे गाल आत गेले होते. तुम्ही हाताआडून डॉक्टरीणबाईंकडे बघत होतात, की हिला बाहेर पाठवा. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. मी हातमोजे घातले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि म्हटलं, "हात काढा, बाबा." तीन वर्षांनी मी तुमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

तुम्ही हात काढलात.

दात बसवल्यावर आम्ही माणसाला साठ ते सत्तर म्हणायला लावतो. त्या आकड्यांत जीभ दातांपाशी जाते, शीळ वाजत असेल तर तिथेच वाजते. मी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता नाही म्हणणार. तुम्ही छताकडे बघून सुरुवात केलीत, वर्गात पाढे घ्यायचात त्याच आवाजात. बासष्टला थोडी शीळ आली. मी दात काढले, सुरी तापवली, केसभर हलवले, पुन्हा घातले. पुन्हा साठपासून. तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत. तिसऱ्या वेळी सत्तरपर्यंत स्वच्छ आलात, आणि मी "पुरे" म्हटलं तरी पंच्याहत्तरपर्यंत गेलात.

मग तुम्ही आरसा घेतलात आणि खालचे दोन दात बघितलेत. जिभेने चाचपून बघितलेत. डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या, "ते वाकडे झालेत, हवे तर सरळ करून देतील त्या."

"हात लावू नका," तुम्ही म्हणालात.

हे तुम्ही त्यांना म्हणालात. मला नाही. माझ्याशी तुम्ही दिवसभरात एक शब्द बोलला नाहीत, फक्त आकडे बोललात. बसची वेळ झाली आणि आई तुम्हाला घेऊन गेली. पण मान हलवली नाहीत, तेवढं मी बघितलं. कवळी पक्की करायला घेतली आहे.

लॅबमध्ये परत आल्यावर फोरमनना खरं सांगून टाकलं, म्हटलं, नियम मोडला, काय करायचं ते करा. ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. साच्याकडे असं बघतं का कोणी? टेबल आवरून ठेव, उद्या नवीन काम येतंय." पॉलिशवाल्या काकूंनाही माहीत होतं. मला वाटत होतं, मी सगळ्यांवर लक्ष ठेवून आहे.

१४ एप्रिल

बाबा,

डॉक्टरीणबाईंचा आज फोन आला. पक्की कवळी परवा तुमच्या तोंडात बसली, तुम्ही ती घालून घरी गेलात, आणि आज सकाळी त्यांना फोन केलात. स्वतः. म्हणालात, डाव्या बाजूला मागे टोचतंय, आणि ज्यांनी बनवली त्यांनीच येऊन बघावं.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मी नाही हं! शप्पथ, या वेळी मी काही केलेलं नाही. मला तर म्हणाले, छान बसलीय." नुसतं एवढंच. तपशील एकही नाही. म्हणजे ती खरं बोलते आहे.

डावी बाजू, मागे. बाबा, तो भाग मी स्वतः घासला आहे. बोट फिरवून बघितलं, कापसाचा बोळा फिरवून बघितला, एक तंतूसुद्धा अडकला नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा बसवतानाच आत पेस्ट लावून तपासलं होतं, हिरडीला कुठे दाबल्याची खूण नाही. तिथे टोचण्यासारखं काही नाहीच. तुम्ही साफ खोटं बोलताय, आणि तुम्हालाही ते आईइतकंच वाईट जमतं.

सोमवारी अकरा वाजता या. मी येते. कुठे टोचतंय ते नीट बघायला बराच वेळ लागेल, तेव्हा दुपारच्या बसचं तिकीट काढू नका, संध्याकाळच्या बसचं काढा.